खेळातून निघालेली कादंबरी

श्रोतेहो, पोरगं मोबाईलवर खेळत बसलं, की घरची वडीलधारी माणसं कुरकुरतात. गुरुजीही कुरकुरतात. ही कुरकुर अगदीच अस्थानी आहे असे नाही. पण गेल्या तीसएक वर्षांत याच पडद्यावरच्या खेळांतून कादंबरीची एक नवी फांदी फुटली आहे, तिची ओळख आज करून घेऊ. खेळासाठी एक अद्भुत जग रचायचे, आणि त्याच जगावर विज्ञान-कादंबऱ्या लिहायच्या, अशी ही रीत.

‘हेलो’ नावाच्या अमेरिकन खेळाचेच उदाहरण घ्या. त्यात एक चिलखतधारी वीर परग्रहावरच्या शत्रूंशी लढतो. खेळणाऱ्याने बटणे दाबावीत, शत्रू लोळवावेत, पुढे जावे. तो वीर कोण, कुठला, हे विचारायला तिथे फुरसत कुणाला? ते सांगितले एरिक नायलंड यांनी, २००१ साली निघालेल्या ‘द फॉल ऑफ रीच’ या कादंबरीत. हा वीर सहा वर्षांचा असताना सरकारने त्याला घरातून गुपचूप पळवलेले असते! त्याच्यासारखीच आणखी मुले पळवून त्यांना सैनिक बनवले जाते. शरीरे बळकट करण्याच्या शस्त्रक्रियांत कित्येक मुले दगावतात. आणि हे सारे आरंभिले जाते ते परग्रहवासीयांसाठी नव्हे, तर माणसांतलेच बंड मोडण्यासाठी. पुढे याच मुलांच्या बळावर माणूसजात तगते. मग ते कृत्य योग्य म्हणायचे का? पाहा, खेळाच्या धांदलीत जो प्रश्न मागे राहतो, तोच कादंबरी पुढे ठेवते.

तरी विज्ञान-कादंबरी वाचताना डोळे उघडे हवेत. खरे किती आणि कल्पित किती, हे पाखडून घेतले पाहिजे. रीच हा ग्रह कल्पित आहे. पण तो ज्या ताऱ्याभोवती फिरतो असे लिहिले आहे, तो एप्सिलॉन एरिडनी तारा खरा आहे. थंडीच्या दिवसांत मृग नक्षत्राच्या पश्चिमेला तो नुसत्या डोळ्यांनी अंधुक दिसतो. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे साडेदहा वर्षे लागतात. म्हणजे पाचवीतल्या मुलाला आज दिसणारा प्रकाश, ते मूल जेमतेम जन्मले तेव्हा तिथून निघालेला! गुरुजींनी एवढे गच्चीवर नेऊन दाखवले, तर कादंबरीतून खगोलाचा धडा निघतो.

उलटा प्रवासही होतो. द्मित्री ग्लुखोव्स्की यांची ‘मेट्रो २०३३’ ही रशियन कादंबरी आधी आली आणि २०१० साली तिच्यावर खेळ निघाला. अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत तग धरून राहिलेल्या माणसांची ती कथा आहे.

आता कुणी म्हणेल, ही पुस्तके इंग्रजी. आमच्या कऱ्हाड-तासगावच्या मुलांना त्यांचा काय उपयोग? खरी गोष्ट अशी, की ही वाट आपल्याला नवी नाही. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेले कृष्णाजी नारायण आठल्ये कोचीनहून ‘केरळ कोकिळ’ मासिक चालवीत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्यांनी त्यात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कथा मराठीत आणली. माणूस चंद्रावर पोचला १९६९ साली. मराठी वाचक कल्पनेने त्याआधीच जाऊन आला होता. पुढे कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’मध्ये विचार करणाऱ्या यंत्रमानवाची कथा रचली. यंत्र आपल्याहून शहाणे झाले तर लगाम कुणाच्या हाती, हा त्यातला प्रश्न आज अधिकच निकडीचा झाला आहे.

तेव्हा शिक्षकबंधूंनो नि भगिनींनो, खेळ हिसकावून घेण्याआधी मुलाला विचारा : तुझा हा वीर आला कुठून? तो लढतो कशासाठी? यातले खरे काय नि बनावट काय? उत्तर सांगता सांगता मूल अडखळेल. त्या अडखळण्याच्या क्षणीच त्याच्या हाती नारळीकर द्या. जे इंग्रजी वाचू शकतात त्यांनी मूळ कादंबरी वाचावी, आणि शनिवारच्या शाळेत ती गोष्ट आपल्या बोलीत वर्गाला सांगावी. खेळात मूल हुकूम पाळायला शिकते. वाचताना ‘हा हुकूम का?’ असे विचारू लागते. असे विचारणारी मुले गावोगावी हवी आहेत.