बंदूक, परवाना आणि छंद

खंडेनवमीला आपल्या सीमाभागातील घराघरांत शस्त्रपूजन होते. मराठी घर असो वा कन्नड, विळा, कोयता, खुरपे आणि कारखान्यातले पाने-हातोडे मांडून त्यांवर हळदकुंकू वाहिले जाते. क्वचित एखाद्या जुन्या वाड्यात या मांडणीत एक दुनळी बंदूकही असते. ती आजोबांची किंवा पणजोबांची. घरातील मुले तिच्याकडे कौतुकाने पाहतात. परंतु त्या बंदुकीचा परवाना कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न विचारला की घरातील वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

अमेरिकेत बंदुका विकत घेणे, विकणे, त्यांना दुर्बिणी, दस्ते, पट्टे असा साज चढवणे हा एक रीतसर छंद आहे. आपल्याकडे कोणी टपाल तिकिटे जमवतो तसा तिथला माणूस अर्धस्वयंचलित रायफली जमवतो. २०१७ सालच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार अमेरिकन नागरिकांच्या हाती सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे माणशी एकाहून अधिक. त्याच पाहणीत दुसरा क्रमांक भारताचा होता, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. भारतातील बंदुकांचा अंदाज सुमारे ७ कोटी ११ लाख होता आणि त्यांपैकी नोंदलेल्या होत्या केवळ ९७ लाखांच्या आसपास. अंदाज तो अंदाजच. तरी नोंदलेले आणि न नोंदलेले यांतील ही दरी डोळ्यांत भरण्याजोगी आहे.

प्रथम अर्धस्वयंचलित म्हणजे काय, ते पाहू. काडतुसातील दारू पेटली की निर्माण झालेला वायू गोळीला पुढे ढकलतो आणि तितक्याच नेटाने मागेही रेटतो. साध्या बंदुकीत हा मागचा रेटा नेम धरणाऱ्याच्या खांद्यावर खर्ची पडतो. नवे काडतूस भरण्यासाठी हाताने खटका ओढावा लागतो किंवा नळी मोडून रिकामे काडतूस काढावे लागते. अर्धस्वयंचलित शस्त्रात याच रेट्याचा किंवा वायूचा काही भाग कामाला लावलेला असतो. तो मागचा सरकता भाग ढकलतो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोराने परतताना पेटीतले नवे काडतूस नळीत बसवतो. चाप मात्र प्रत्येक गोळीला नव्याने ओढावा लागतो. चाप दाबून धरला असता गोळ्या सुटतच राहतात, ते पूर्ण स्वयंचलित शस्त्र. ते सामान्य नागरिकाला आपल्या देशात मिळत नाही. अर्धस्वयंचलित शस्त्रांनाही कायद्याने सामान्यतः निषिद्ध वर्गाच्या पंक्तीला बसवले आहे. त्यांतून पिस्तुले तेवढी वगळलेली आहेत, आणि तीही सैन्याच्या मापाची नसतील तरच. म्हणून .३०३ किंवा ७.६२ मि.मी. रायफल आणि ९ मि.मी. पिस्तूल सामान्य परवान्यावर मिळत नाही; .३१५ ची रायफल आणि .३२ चे रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल मिळते. मापातील हा बारीक फरक मुद्दामच ठेवलेला आहे. सैन्याची किंवा पोलिसांची काडतुसे चोरीस गेली, तरी ती नागरिकाच्या बंदुकीत बसू नयेत, हा त्यामागील हिशेब.

या सावधपणाला इतिहास आहे, आणि तो आपल्या अंगणातला आहे. १८५७ साली इंग्रजांनी लोकांची हत्यारे काढून घेण्याचा कायदा केला. त्या वेळच्या मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेडरांनी शस्त्रे देण्यास नकार दिला. हत्यार ही त्यांची उपजीविका होती आणि अब्रूही. इंग्रज फौजेने गाव जाळले आणि त्या डिसेंबरात एकोणीस जणांना मुधोळ व हलगली येथे फाशी दिले. आपले कन्नड विभागातील मित्र ‘हलगलिय बेडरु’ ही लावणी शाळेतच शिकलेले असतात. मराठी विद्यार्थ्याला मात्र हे नाव बहुधा ठाऊक नसते. हे मुधोळ घोरपड्यांचे संस्थान होते, हे लक्षात घेता आपले अज्ञान अधिकच खटकते. पुढच्याच वर्षी नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले. त्यांच्या असंतोषात दत्तक नामंजूर झाल्याचे दुःख होते, तशी तोफा व दारूगोळा सरकारजमा करण्याच्या हुकुमाची चीडही होती. १२ जून १८५८ रोजी त्यांना फाशी दिले गेले ते याच बेळगावात. पुढे १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याची पद्धत कायम झाली. गोऱ्यांना सूट आणि एतद्देशीयांना बंदी असा तो उघड पंक्तिप्रपंच होता. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. स्वातंत्र्यानंतरच्या राज्यघटनेत मात्र तो आला नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, आणि आजही तोच मूळ कायदा आहे. सध्याचे नियम २०१६ चे आहेत.

आता व्यवहाराकडे वळू. परवाना जिल्हाधिकारी देतात. जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे बहुधा पोलीस आयुक्त. निषिद्ध वर्गातील शस्त्राचा अधिकार केंद्रीय गृहखात्याकडे आहे. अर्जदाराचे वय एकवीस पूर्ण असावे लागते. पोलिसांचा चौकशी अहवाल, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला इतके सोपस्कार आहेत. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतील स्वतंत्र क्रमांक मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली, आणि एका माणसाने बाळगावयाच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती वर्षभरात जमा करावी लागली. यावरून दिसेल की शस्त्रसंग्रहाचा अमेरिकन पद्धतीचा छंद येथे मुळातच संभवत नाही. दोनच वस्तूंचा संग्रह तो काय करणार?

काडतुसे एका वेळी किती जवळ ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची, हे परवान्यावरच लिहिलेले असते. ती परवानाधारक व्यापाऱ्याकडूनच घ्यावी लागतात आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. विक्रीची रीत आणखी सावध आहे. आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असेल, तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर निदान पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. आठवडी बाजारात बैल विकला तरी दाखला करून घेणारे आपले शेतकरी आहेत. त्यांना हे जाचक वाटू नये.

किमतीचे म्हणाल तर, कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .३२ चे हलके रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हा त्याची किंमत सुमारे एक लाख बावीस हजार रुपये होती. ज्या स्त्रियांना भय सर्वांत जास्त, त्यांपैकी कितीजणींना ही किंमत परवडणार होती, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. परदेशी शस्त्रांची खाजगी आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे. त्यामुळे जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरांना जमिनीसारखा भाव येतो.

साज चढवण्याविषयी तर कायदा फारच कडक आहे. आवाज किंवा जाळ दडवणारे साधन निषिद्ध वर्गातच मोडते. नळी कापून आखूड करणे, खेळण्यातल्या नकली बंदुकीची खरी करणे हा गुन्हा आहे. आणि २०१९ पासून एका वर्गाच्या शस्त्राचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करणे हाही. आपल्या मुलुखात हुशार लोहार आणि लेथवरचे कारागीर पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणाला गंमत म्हणून असे काम सांगितले गेले, तर त्याने जाणून असावे की विनापरवाना शस्त्र बनवणे व विकणे यांस आता सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ही गंमत नव्हे, हे आपल्या दोन्ही बाजूंच्या शहरांनी पाहिले आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर आणि ऑगस्टमध्ये धारवाडात डॉ. एम. एम. कलबुर्गी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तपास यंत्रणांनी सांगितले की हत्यारे ७.६५ मि.मी. ची गावठी पिस्तुले होती. ७.६५ मि.मी. म्हणजेच .३२. माप परवान्याच्या पिस्तुलाचेच. नव्हता तो परवाना.

आपल्या भागातील सामान्य परवाना मात्र पिस्तुलाचा नसतो. तो असतो ठासणीच्या किंवा एकनळी बंदुकीचा, पीकसंरक्षणासाठी. खानापूरच्या रानालगत भात, ऊस, भुईमूग लावणाऱ्याला रानडुकराचा उपद्रव काय असतो ते सांगायला नको. परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होते. बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी नसेल, तर परवान्याच्या बंदुकीनेही रानडुक्कर मारता येत नाही. बार काढून कळप हाकलणे एवढाच तिचा उपयोग. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाल्यापासून तर हा विषय अधिकच नाजूक झाला आहे. शिवाय निवडणूक जाहीर झाली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात, आणि डुकरांना आचारसंहिता ठाऊक नसते! ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे.

सीमाभागाची म्हणून एक खास अडचण आहे. परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. पीकसंरक्षणाचा परवाना तर बहुधा शेताच्या परिसरापुरताच असतो. निपाणीच्या माणसाला कागलच्या पाव्हण्याकडे जाण्यासाठी कोगनोळी नाका ओलांडण्यास काहीच अडचण नसते, पण त्याच्या बंदुकीला असते. परवान्याची हद्द कर्नाटकापुरती असेल, तर नाक्यापलीकडे ती विनापरवाना ठरते. भाषेची सीमा येथे कोणालाच नीट आखता आलेली नाही. शस्त्रकायद्याची सीमा मात्र अगदी स्पष्ट आहे. याच कर्नाटकात कोडगूच्या कोडव समाजाला व जम्मा जमीनधारकांना परवान्यापासून सूट आहे. तीही २०१९ मध्ये पुढील दहा वर्षांसाठी वाढवली गेली आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली.

आता वाड्यातील त्या दुनळीकडे येऊ. परवानाधारक वारला की परवाना संपतो. बंदूक मात्र कपाटात राहते. ती ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करावा. परवानाधारक हयात असतानाही, त्याने सत्तर वर्षे पूर्ण केली असतील किंवा पंचवीस वर्षे शस्त्र बाळगले असेल, तर वारसाला अर्ज करता येतो. ही सवलत फार थोड्यांना माहीत आहे. ‘आजोबांची आठवण’ म्हणून नुसती ठेवून दिली, तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल दोन ते पाच वर्षांची शिक्षा लागू होते. खंडेनवमीच्या पूजेने तीत सूट मिळत नाही. लग्नाच्या वरातीत तिचा बार काढणाऱ्यांसाठीही आता स्वतंत्र कलम आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मग बंदुकीचा निर्मळ छंद आपल्याकडे नाहीच काय? आहे, आणि तो आपल्या शेजारीच भरभराटीला आला आहे. तो म्हणजे नेमबाजी. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली ती लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नेमबाजांची पहिली मोठी परीक्षा असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिने २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक अजिंक्यपद पटकावले. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, आणि हे .२२ चे क्रीडापिस्तूल अर्धस्वयंचलितच असते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर तीन स्थितींत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक आणले.

साज चढवण्याची हौस या खेळात मनसोक्त भागते, पण तीही नियमाने. जाकिटाच्या कापडाची जाडी अडीच मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. हवाई पिस्तुलाचा चाप निदान पाचशे ग्रॅम वजन पेलून मगच सुटला पाहिजे, आणि ते वजन स्पर्धेपूर्वी प्रत्यक्ष टांगून पाहतात. खरा अडसर खर्चाचा आहे; .२२ ची चांगली स्पर्धेची काडतुसे परदेशी असतात आणि सरावात ती पाण्यासारखी जातात. क्लबच्या सभासदाला क्लबचे शस्त्र सरावापुरते वापरता येते, त्यासाठी स्वतःचा परवाना लागत नाही. एन.सी.सी.तील आपले छात्र .२२ रायफलच्या थोड्या गोळ्या झाडून आलेले असतातच. त्यांतील ज्याचे ठोकळे जवळजवळ पडले असतील, त्याने एकदा कोल्हापूरच्या दुधाळी मैदानावर जाऊन यावे.

आणि तेही लांब वाटले, तर ४.५ मि.मी. नळीची, वीस ज्यूलपेक्षा कमी शक्तीची हवाई रायफल परवान्याशिवाय मिळते. तिला दहा मीटर लांबीची जागा आणि मागे भक्कम आडोसा पुरतो. कॉलेजचा एखादा सभागृहाचा व्हरांडा शिस्तीने व देखरेखीखाली त्यासाठी वापरता येईल. दहा मीटरवरून पाहिलेल्या त्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे या पानावरील पूर्णविरामाएवढा.