नोंदीत राहून गेलेली पदके

सेवानिवृत्त सैनिक आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जो अर्ज पाठवितो तो बहुधा एका पानाचा असतो, त्याची भाषा अत्यंत विनयाची असते, आणि त्यातील मागणी वरवर वाचणाऱ्यास किरकोळ वाटावी इतकी लहान असते. अमुक साली अमुक सरहद्दीवर मी तैनात होतो, त्या कामगिरीबद्दल सरकारने जाहीर केलेले पदक माझ्या डिस्चार्ज बुकात दाखल झालेले नाही, तरी कृपा करून नोंद करून मिळावी, एवढाच त्यातील मजकूर. या नोंदीने त्याचे निवृत्तिवेतन वाढत नाही, की त्याला जमिनीचा तुकडा मिळत नाही. असे असताना सत्तरी ओलांडलेला, गुडघ्यांनी आणि दृष्टीने दगा दिलेला माणूस तालुक्याच्या गावी येऊन टंकलेखकासमोर बसतो, जुने कागद उलगडतो आणि अर्जाची पोच मिळेपर्यंत अस्वस्थ राहतो, यामागे निव्वळ मिरविण्याची हौस आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी या प्रश्नाचे स्वरूप थोडे निगुतीने समजून घेणे अगत्याचे आहे.

हक्क आणि पारितोषिक

सैन्यातील पदकांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना मेडल ही पदके असामान्य कृत्याबद्दल, वरिष्ठांनी शिफारस केल्यावर आणि शासनाने तिचा विचार केल्यावर दिली जातात. तेथे निवड असते, तुलना असते, मंजुरी किंवा नामंजुरीही असते. दुसरा वर्ग मोहिमांच्या आणि सेवेच्या पदकांचा. तेथे प्रश्न एवढाच असतो की मजकूर सैनिक ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या क्षेत्रात किंवा ठरलेल्या दिवशी सेवेत होता की नव्हता. ‘जनरल सर्व्हिस मेडल 1947’ हे जम्मू-काश्मीरच्या लढाईत होते त्यांना एका पट्टीसह मिळाले, आणि 1961 साली गोव्याच्या मुक्तीसाठी जे गेले त्यांना त्याच पदकावर ‘गोवा 1961’ अशी पट्टी मिळाली. 1965 च्या युद्धात प्रत्यक्ष रणक्षेत्रात वावरलेल्यांसाठी समर सेवा स्टार, आणि त्या काळी सैन्यात असलेल्या व्यापक वर्गासाठी रक्षा मेडल निर्माण झाले. 1971 च्या युद्धासाठी पूर्व आघाडीवर पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवर पश्चिमी स्टार, आणि त्या काळातील सेवेबद्दल संग्राम मेडल ठरविण्यात आले. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या आणि पन्नासाव्या वर्धापनदिनाची पदके त्या त्या दिवशी सेवेत असणाऱ्यांना मिळाली. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेचीही स्वतंत्र पदके आहेत.

या दुसऱ्या वर्गातील पदक हे पारितोषिक नव्हे, तो हक्क होय. शर्त पुरी झाली की पदक देय झाले. मग ते कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. म्हणूनच राहून गेलेल्या पदकासाठी केलेल्या अर्जाकडे बक्षिसाची याचना म्हणून न पाहता चुकलेल्या हिशेबाच्या दुरुस्तीची मागणी म्हणून पाहिले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीच्या उताऱ्यावर आपले नाव नसल्याचे कळताच शेतकरी तलाठ्याकडे धाव घेतो, तेव्हा तो नवी जमीन मागत नसतो. जे आहे ते कागदावर यावे, एवढेच त्याचे म्हणणे असते. सैनिकाचे म्हणणेही नेमके हेच आहे.

नोंद होते कशी, आणि निसटते कोठे

सैनिकाच्या आयुष्यातील प्रत्येक घटना, मग ती बदली असो, बढती असो, विवाह असो, जखम असो वा पदक असो, त्याच्या युनिटमधील कारकून ‘पार्ट टू ऑर्डर’ या नावाच्या लेखी आदेशात प्रसिद्ध करतो. हा आदेश रेकॉर्ड ऑफिसकडे जातो, आणि तेथे त्या सैनिकाच्या ‘शीट रोल’वर ती घटना चढविली जाते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे दप्तर बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तर महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे. सैनिक निवृत्त होताना त्याच्या हाती पडणारे डिस्चार्ज बुक याच नोंदींच्या आधारे तयार होते. अर्थात युनिटच्या कारकुनापासून रेकॉर्ड ऑफिसच्या टेबलापर्यंतच्या वाटेवर एखादा दुवा निखळला, तर घटना घडूनही ती दप्तराच्या दृष्टीने घडलेली नसते.

हे दुवे निखळण्याची कारणे अनेक आहेत. पहिले व सर्वांत व्यापक कारण असे की, पदक बहुधा युद्धानंतर निर्माण होते. 1965 च्या युद्धाची पदके 1967 साली, आणि 1971 च्या युद्धाची 1973 साली स्थापन झाली. जो सैनिक मधल्या काळात आपली मुदत पुरी करून घरी परतला, त्याच्या डिस्चार्ज बुकावर शिक्का बसला तेव्हा ते पदक अस्तित्वातच नव्हते, आणि पुढे त्याच्या नावाची यादी पाठविण्याची आठवण ज्याला व्हावी असा अधिकारीही त्याच युनिटमध्ये राहिला असेल याची शाश्वती नव्हती. दुसरे कारण तात्पुरत्या जोडणीचे. आपल्या मूळ पलटणीतून दुसऱ्या तुकडीकडे काही महिन्यांसाठी पाठविलेला चालक, स्वयंपाकी, वायरलेस ऑपरेटर किंवा कारागीर हा लढाईत एका युनिटबरोबर असतो आणि कागदावर दुसऱ्याच्या. पदकाची नामावली करताना हे युनिट समजते की तो त्यांच्या यादीत असेल, आणि ते युनिट समजते की तो यांच्या. जखमी होऊन लढाईच्या ऐन भरात पिछाडीच्या इस्पितळात नेलेल्या सैनिकाचीही अशीच गत होते. तिसरे कारण नावांचे. आपल्या गावी एका आडनावाची आणि एका पाळण्यातील नावाची दहा माणसे असतात; भरतीच्या वेळी इंग्रजी लिपीत नाव उतरविताना एखादे अक्षर बदलते, वडिलांचे नाव आडनावाच्या जागी जाते, सैनिक क्रमांकातील एक आकडा चुकतो, आणि एका माणसाची कामगिरी दुसऱ्याच्या शीट रोलवर जाऊन बसते.

चौथे कारण काळाचे आहे, आणि तेच सर्वांत निर्दय. सेनेच्या नियमांनुसार ज्यांना निवृत्तिवेतन लागू नाही अशा सैनिकांची सेवापत्रे पंचवीस वर्षांच्या मुदतीनंतर नष्ट केली जातात, आणि मागे उरतो तो केवळ ‘लाँग रोल’, ज्यात माणसाच्या साऱ्या लष्करी आयुष्याचा गोषवारा काही रकान्यांत आटोपलेला असतो. अल्पकाळ सेवा करून घरी आलेल्या सैनिकाने तीस वर्षांनी अर्ज केला, तर त्याच्या बाजूने साक्ष देणारा कागद सरकारनेच आपल्या हातांनी नाहीसा केलेला असतो.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या पिढीने हे दुःख सर्वाधिक सोसले. त्या युद्धाच्या अखेरीस भारतीय सेनेची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली होती, आणि युद्ध संपताच ती झपाट्याने घटविण्यात आली. भारतातील सेवेसाठीचे ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ 1946 च्या जून महिन्यात जाहीर झाले. तोवर असंख्य माणसे आपापल्या गावी जाऊन औताला लागली होती. इटलीच्या रणभूमीवर 1944 साली यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि 1945 साली नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ती नावे इतिहासाने जपली. परंतु त्याच डोंगरांत, त्याच नद्यांच्या काठी त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या, सातारा-रत्नागिरी-कोल्हापूरकडच्या सामान्य शिपायांच्या सेवेची साक्ष म्हणजे एक साधा तारा आणि एक फीत. तीही ज्यांच्यापर्यंत पोचली नाही, त्यांच्या नातवंडांना आज ‘आजोबा लढाईत होते’ या ऐकीव वाक्यापलीकडे काहीही दाखविता येत नाही.

इतर देशांचा दाखला

कागद नाहीसे होण्याची आपत्ती केवळ आपल्यावरच आलेली नाही. अमेरिकेत सेंट लुई शहरालगतच्या राष्ट्रीय सैनिकी दप्तरखान्याला 12 जुलै 1973 रोजी आग लागली आणि 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख सैनिकांच्या नस्ती भस्मसात झाल्या. 1912 ते 1960 या काळात सेवामुक्त झालेल्या भूसेनेच्या सैनिकांची सुमारे 80 टक्के सेवापत्रे त्या आगीत गेली, आणि त्यांच्या प्रती कोठेही ठेवलेल्या नव्हत्या. त्यानंतर तेथील शासनाने जो मार्ग पत्करला तो मननीय आहे. मूळ कागद जळाला म्हणून सैनिकाची सेवाच जळाली, असे न मानता पगाराची अंतिम देयके, तुकड्यांचे रोजचे हजेरीअहवाल, इस्पितळांच्या नोंदी असे दुय्यम पुरावे धुंडाळून सेवेचा वृत्तान्त नव्याने उभा करण्याचे काम सुरू झाले, आणि ते अद्यापही चालू आहे. सेवामुक्तीच्या दाखल्यात पदक राहून गेले असल्यास मूळ दाखला न खोडता त्याला जोडावयाचा दुरुस्तीचा स्वतंत्र दाखला तेथे दिला जातो, आणि लष्करी नोंदींच्या दुरुस्तीसाठी कायद्याने मंडळे नेमलेली आहेत. अर्जाला तीन वर्षांची मुदत आहे खरी, परंतु न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास ती मुदत बाजूस सारण्याचा अधिकारही त्याच कायद्याने मंडळांना दिला आहे.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात आर्क्टिक समुद्रातून रशियाकडे रसद पोचविणाऱ्या नाविकांना स्वतंत्र तारा मिळावा ही मागणी दशकानुदशके फेटाळली गेली, आणि अखेरीस 2013 साली, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षांनी, हयात असलेल्या वृद्धांच्या छातीवर तो तारा लावण्यात आला. उशीर झाला म्हणून हक्क शिळा झाला, असे तेथे अखेर कोणी म्हटले नाही.

आपल्याकडेही नोंद दुरुस्त होऊ शकते हे तत्त्व मान्य झालेले आहे. 2007 च्या कायद्यान्वये सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले, 2009 पासून त्याचे कामकाज सुरू झाले, आणि मुंबईतही त्याचे खंडपीठ आहे. कारगिल युद्धात बटालिक क्षेत्रातील ब्रिगेडचे नेतृत्व केलेले ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या प्रकरणी या न्यायाधिकरणाने 2010 साली त्यांच्या बाजूने निर्णय देऊन युद्धाच्या अहवालातील नोंदी सुधारण्याचा आदेश दिला. जे एका ब्रिगेडियरच्या बाबतीत न्याय्य ठरले, ते एका शिपायाच्या बाबतीत अन्याय्य कसे ठरेल?

अर्ज करणाऱ्यांसाठी

ज्यांच्या घरी असा सैनिक हयात आहे त्यांनी काही गोष्टी विनाविलंब कराव्यात. डिस्चार्ज बुक आणि निवृत्तिवेतनाचा आदेश यांच्या स्वच्छ प्रती करून ठेवाव्यात, आणि सैनिक क्रमांक घरातील सर्वांना ठाऊक असावा, कारण दप्तरात माणूस नावाने नव्हे तर त्या क्रमांकाने सापडतो. अर्ज थेट आपल्या रेजिमेंटच्या वा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसकडे करावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्यासाठी साहाय्य करू शकते. अर्जात भरतीची व सेवामुक्तीची तारीख, त्या काळातील युनिट, तात्पुरती जोडणी असल्यास ती कोणत्या तुकडीशी होती, ठिकाण आणि महिने ही माहिती तपशीलवार द्यावी. पदकाचे नाव नेमके लिहावे, आणि अनेक तक्रारी एकाच कागदात न गुंफता ही मागणी स्वतंत्र ठेवावी. त्या काळचे छायाचित्र, इस्पितळाचा कागद, घरी आलेले पत्र, बरोबरीच्या सैनिकाचे लेखी निवेदन असे जे काही उपलब्ध असेल त्याची प्रत जोडावी. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराखाली आपल्या शीट रोलवर काय लिहिले आहे याची प्रत मागता येते, आणि पुष्कळदा चूक नेमकी कोठे झाली ते तिच्यावरूनच उघड होते.

तथापि हा सारा भार वृद्ध सैनिकावरच टाकून समाजाला आणि शासनाला मोकळे होता येणार नाही. दप्तर ज्याच्या ताब्यात आहे, पुराव्याची पहिली जबाबदारीही त्याच्याच शिरावर असली पाहिजे. पदक नव्याने स्थापन होते तेव्हा त्यास पात्र असलेल्या, परंतु घरी परतलेल्या सैनिकांची यादी रेकॉर्ड ऑफिसने स्वतः होऊन काढावी. सेवामुक्तीच्या वेळी सैनिकाला त्याच्या सर्व नोंदी त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवाव्यात आणि मगच त्याची सही घ्यावी. मूळ कागद नियमानुसार नष्ट झाला असेल, तर त्या नाशाचा तोटा अर्जदाराच्या माथी मारू नये. दुय्यम पुराव्यावर निर्णय देण्याची स्पष्ट तरतूद असावी. आणि ज्या जिल्ह्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पलटणींना माणसे पुरविली, त्या जिल्ह्यांतील सैनिक कल्याण कार्यालयांनी 1965 आणि 1971 च्या सैनिकांची गाववार पडताळणी हाती घ्यावी. 1971 साली अठरा वर्षांचा असलेला सर्वांत तरुण शिपाईही आज सत्तरीपलीकडे गेला आहे. येथील दिरंगाई म्हणजे प्रत्यक्षात नकारच होय.

मोहिमेचे पदक हे राष्ट्राने स्वतः होऊन दिलेले वचन आहे: जो अमुक काळी अमुक ठिकाणी उभा राहील, त्याची आम्ही नोंद ठेवू. सैनिकाने आपल्या वाट्याची शर्त त्याच वेळी, बर्फात, चिखलात, तोफांच्या माऱ्याखाली पुरी केली आहे. राहिली आहे ती राष्ट्राच्या वाट्याची, आणि ती पुरी करण्यासाठी शौर्य लागत नाही, द्रव्यही फारसे लागत नाही. दप्तर उघडण्याची तत्परता आणि चूक कबूल करण्याचा प्रामाणिकपणा एवढेच लागते.