प्राग नगरींतील सत्तावीस क्रूस

प्रागच्या जुन्या चौकांत १४१० सालचें यांत्रिक घड्याळ पाहण्यासाठीं प्रवाशांच्या माना वर वळलेल्या असतात. वाचकहो, तेथें जाणें झालें तर क्षणभर खालींही पाहावें. जुन्या नगरभवनाच्या पायथ्याशीं फरसबंदींत सत्तावीस पांढरे क्रूस बसविलेले आहेत. ८ नोव्हेंबर १६२० रोजीं शहराजवळील ‘श्वेतगिरी’च्या लढाईंत बोहेमियांतील बंडखोर सरदारांचा हॅप्सबर्ग सम्राटाकडून मोड झाला, आणि २१ जून १६२१ रोजीं त्यांच्या २७ पुढाऱ्यांना या चौकांत देहान्त शासन देण्यांत आलें.

पुढील परिणाम त्याहून दारुण होता. कित्येक जुनीं घराणीं देशोधडीस लागलीं. त्यांच्या जमिनी सम्राटाच्या पक्षपात्यांस मिळाल्या. कचेरींत व विद्यालयांत हळूहळू जर्मनचा अंमल बसला आणि चेक भाषा बहुतांशीं शेतकरी व कारागीर यांच्या घरीं उरली.

या इतिहासाचें दुसरें टोक, आमच्या मतें, चौकापासून पायीं वीसेक मिनिटांवर, व्ल्तावा नदीच्या कांठीं आहे. तेथील राष्ट्रीय नाट्यगृह गांवोगांवच्या वर्गणींतून उभें राहिलें. सम्राट परका, मग स्वभाषेंतील नाटकासाठीं पदर झिजवावयाचा तो प्रजेनेंच! जून १८८१ मध्यें तें उघडलें आणि ऑगस्टांत जळालें. पुन्हां वर्गणी सुरू झाली. सुमारें दीड महिन्यांत दहा लक्ष गुल्डन जमले. १८ नोव्हेंबर १८८३ रोजीं ‘लिबुशे’ या चेक संगीतिकेनें पडदा पुन्हां वर गेला. तिचे रचनाकार स्मेतना त्यापूर्वीं नऊ वर्षें बहिरे झालेले होते.