माळवदावरची माती

मे सरत आलाय. मुरुमच्या जुन्या गावातल्या आमच्या गल्लीत सकाळपासून घमेल्यांचा आवाज चालू आहे. पेठेत उमरग्याच्या एसटीचा हॉर्न वाजतो, पण दोन वळणं आत आलं की दगडी भिंती तो गिळून टाकतात. इथं ओट्यावर दोघी ज्वारी निवडताहेत. कानडीत सुरू झालेलं त्यांचं बोलणं सहज मराठीवर येतं.

शेजारच्या वाड्याच्या शिडीवरून मी माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, चढतो. गवंडीमामा फावड्यानं जुनी माती खरवडताहेत. गवत मुळासकट उपटायचं, भेगा उकरायच्या, मग पांढऱ्या मातीचा थर देऊन तो चोपायचा आणि पन्हाळीकडं ढाळ ठेवायचा. हे पावसाआधीच उरकायला हवं.

"मामा, जुनी उतरवल्याबिगर नवी टाकू नका!" अंगणातून वाड्यातल्या आजी ओरडून सांगतात.

त्यांची धास्ती खरी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. किल्लारी, सास्तूरसारखी गावं उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं गेली. दगडगोट्यांच्या, मातीत रचलेल्या भिंती. त्यांवर वर्षानुवर्षं थरावर थर चढवलेलं माळवद. भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि वरचा सगळा भार झोपलेल्यांवर आला. उन्हाळ्यात घर गार ठेवणारी मातीच त्या पहाटे जिवावर उठली.

मी खाली उतरतो. ढाळजेत सावली आहे. छतातल्या साण्यातून उन्हाचा कवडसा लाकडी खांबावर पडलाय. मामा भिंतीवर हात ठेवून दाखवतात, "हे बघा, आरपार दगड. भूकंपानंतर बशिवलेत. दोन्ही पदर धरून ठेवतेत."

आजींचा नातू पुण्याहून आलाय. माळवद काढून पत्रे टाकू, असं तो कालपासून म्हणतोय. त्याचीही भीती खोटी नाही. या गल्लीतल्या कितीतरी घरांवर आता पत्रेच आहेत. आजी त्याच्याशी वाद घालत नाहीत.

"काय बघलालास? वर जा," त्या म्हणतात. "मामा किती जाडीचा थर देतेत, ते शिकून घे. मग ठरव."

नातू चपला काढतो आणि शिडीला हात घालतो. जुन्या घरात राहायचं की नाही, हे ठरवायला त्या घराचं वजन ठाऊक असलेला माणूस हवा. आता तो तयार होऊ लागलाय.