हळद दिसावी, कुंकूही दिसावं

नागपुरात रामदासपेठेतून अंबाझरी तलाव गाडीने काही मिनिटांवर. हिवाळ्यात सकाळी काठावर उभं राहिलं की लांब पाण्यावर करडे ठिपके हलताना दिसतात. त्यातलं एखादं हळदी-कुंकू बदक निघतं. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल डाग, म्हणून हे नाव. नुसत्या डोळ्यांना मात्र हळदही दिसत नाही आणि कुंकूही. दुर्बीण लागतेच, महागडीच लागते असं नाही.

फसगत सुरू होते आकड्यांपासून. दुर्बिणीवर ८×४२, १०×२५ असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसेल ते. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. गिऱ्हाईक हटकून पहिल्याला भुलतं. पण मोठेपणा वाढला की हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि दृश्याचा घेर आक्रसतो. उडता पक्षी मग सापडतच नाही. हातात धरून पाहायला ८ पट पुष्कळ झालं. रस्त्यावर किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या, भलत्याच आकड्यांच्या 'झूम' दुर्बिणी तर खेळणं समजाव्यात.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर; २५ भागिले १० म्हणजे अडीच. भर दुपारी डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडलेली असते, तेव्हा फरक जाणवत नाही. पेंचच्या पहाटेच्या सफारीत मात्र बाहुली मोठी होते आणि खिशात मावणारी १०×२५ काळवंडते. याच पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथे तारे पाहायचे असतील तर मोठं भिंग आणखीच उपयोगी.

पैसे मोजके असतील तर जुन्या घडणीची, पुढची भिंगं बाजूला सरकलेली पोरो दुर्बीण घ्यावी. सरळ नळ्यांची 'रूफ' सुबक आणि सुटसुटीत खरी, पण तिचे लोलक फार काटेकोर बनवावे लागतात. स्वस्त दुर्बिणीत त्यात केलेली काटकसर लगेच चित्रात दिसते. निकॉनची ॲक्युलॉन ८×४२ किंवा ऑलिंपसची ८×४० डीपीएस ही पोरो घराण्यातली ओळखीची नावं. दोन्हींचं वजन पाऊण किलोच्या आसपास, तेव्हा गळ्यातला पट्टा रुंद हवा. दोन्ही जलरोधक नाहीत. पावसाळ्यात कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवली नाही तर भिंगावर बुरशी धरू शकते. चष्मेवाल्यांनी आधी डोळ्याला लावूनच पाहावी. चष्म्यासकट पूर्ण गोल दिसायला भिंगापासून डोळ्यापर्यंत साधारण १५ मिलिमीटर जागा लागते आणि या दोन्हींत ती कमी पडते.

दुकानात परीक्षा सोपी आहे. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करावी. मागच्या भिंगात दिसणारे प्रकाशाचे ठिपके स्वच्छ गोल असतील तर लोलक बरे. कडा कापून चौकोनी झाल्या असतील तर काचेत बचत केली आहे. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब हिरवट-जांभळं दिसावं. पांढरंफटक दिसलं तर भिंगावरचा लेप कमी. माणकासारखी लालभडक भिंगं दिसली की ती सरळ परत करावीत.

मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी चित्र स्पष्ट करावं, नंतर डावा मिटून उजवीकडची कडी फिरवावी. दोन्ही डोळे उघडल्यावर एकच गोल, एकच चित्र दिसलं पाहिजे. दोन प्रतिमा दिसल्या किंवा डोळे ओढल्यासारखे वाटले तर नळ्या समांतर नाहीत, आणि ही खोड सवयीने जात नाही. हे सगळं दुकानाच्या भिंतीकडे पाहून होत नाही. दाराबाहेर येऊन दूरची पाटी वाचून पाहावी. दुकानदार बाहेर येऊ देत नसेल, तर दुसरं दुकान धरावं.