सोप्यात उगवलेला ऊस

यंदा माघात आमच्या सोप्यात माणसांना बसायला जागा नव्हती. भिंतीला लागून १२० ट्रे उतरंडीसारखे रचलेले, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पोती. आई म्हणाली, “आरं, सोपा हाय का गोदाम?”

सभासद बंधूंनो, तिचे चुकत नव्हते. पण गेल्या साली ऐन थंडीत केलेल्या सुरू लागणीने आमचे डोळे उघडले होते. उसाचा डोळा नीट फुटायला २६ ते ३२ अंश ऊब लागते. जानेवारीच्या रात्री पारा १०-१२ वर उतरला, की टिपरी ओल्या सरीत गारठून पडते, काही तर कुजतेच. आमच्या रानात जागोजाग नांग्या पडल्या. मागाहून भरल्या, पण ती रोपे शेजारच्या उसाच्या सावलीत दबली ती दबलीच. टनेज किती बसले ते इथे लिहीत नाही. काट्याची पावती घरात आहे.

यंदा रानात हरभरा उभा होता. तो निघेपर्यंत फेब्रुवारी सरणार आणि सुरूची वेळ टळणार. म्हणून लागण आधी घरातच केली. ५ बाय २ फुटांवर एकरी ४,३५६ रोपे बसतात. ४२ कप्प्यांचे १०४ ट्रे त्याला पुरतात, बाकीचे तुटीसाठी. पूर्वी तीन डोळ्यांची दहा हजार टिपरी, म्हणजे तीस हजार डोळे मातीआड करत होतो. बेणे किती वाचले, हिशेब तुम्हीच करा. मात्र ते दहा महिन्यांचे, निरोगी घेतले. बेणेप्रक्रिया करून, डोळा वर ठेवून कोकोपीटने झाकला.

मग वाट बघणे. रानात लावले की माणूस दुसऱ्या कामाला लागतो. घरात ठेवले की जिवाला चैन पडत नाही. येता-जाता पोत्याखाली हात घालून ऊब बघायची. सातव्या दिवशी पहाटे उतरंड उतरवली. कागदाखालून ओल्या काथ्याचा उबदार वास आला आणि बॅटरीच्या उजेडात कप्प्याकप्प्यातून उंदराच्या दातासारखे कोंब! आई खाली बसून मोजायलाच लागली. बेचाळिसात अडतीस. दुसऱ्यात सदतीस. दाराकडचे दोन ट्रे तेवढे निम्मे रिकामे निघाले. तिथे कागद फाटला होता, रात्रभर गार वारा लागत होता.

अंगणात जाळीखाली मांडल्यावर दोन दिवसांत पिवळे कोंब हिरवे झाले. दारचा आंबा मोहरला होता, ओढ्याकाठी पळस पेटला होता, पण आमच्या घरी तिकडे बघायला कुणाला सवड? झारीने पाणी घालायचा मान आईने दुसऱ्या कुणाला दिला नाही.

शिमग्याच्या सुमारास तीन-चार पानांची रोपे रानात गेली. सोपा झाडताना आईला कणगीमागे पडलेला एक डोळा सापडला, वीतभर कोंब घेऊन. तो तिने न्हाणीच्या पाण्यावर लावला आहे.