संगणक बंद पडतो, बोलणी कोण खातो?

अहेरीसारख्या गावी तेंदूपत्त्याच्या मजुरीची यादी चढविताना संगणक मध्येच बंद पडला, की बोलणी खातो तो ऑपरेटर. वीज गेलेली नसेल तर ‘यानेच काहीतरी दाबले’ हा निवाडा ठरलेला! मित्रहो, आम्हां युनियनवाल्यांचे म्हणणे इतकेच, की आधी चौकशी व्हावी.

पडद्यावर एक काम दिसते. पडद्याआड अनेक प्रोग्राम राबत असतात. दोन अँटिव्हायरस बसविले, तर उघडणारी प्रत्येक फाइल दोघेही तपासू पाहतात. त्यांची गाठ नेमकी अडचणीच्या क्षणी पडली तरच घोटाळा. म्हणून यंत्र रोज न पडता कधीमधी पडते.

प्रथम याद्यांची नक्कल दुसरीकडे ठेवावी, इंटरनेट तोडावे. विंडोजच्या ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवून बाकीच्या बंद कराव्या, यंत्र पुन्हा सुरू करावे. दिवसातून एकदा पडणारे यंत्र तासभर चालले, हा पुरावा नव्हे. दोन-तीन दिवस थांबावे. तरीही पडले, तर दोष बहुधा अन्यत्र आहे.

न पडल्यास निम्म्या सेवा चालू कराव्या. सोळांतला एकटा गुन्हेगार चार फेऱ्यांत सापडतो. पण भांडण दोघांचे असेल, तर एक या निम्म्यात, दुसरा त्या निम्म्यात, आणि दोन्ही निम्मे साळसूद! तेव्हा एक निम्मा चालू ठेवून दुसऱ्यातली एकेक सेवा वाढवावी. जिच्या येण्याने यंत्र पडेल, ती जोडीतली एक. मग पहिल्यातली एकेक कमी करावी. जिच्या जाण्याने ते सावरेल, ती दुसरी. एक ठेवावी, एक काढावी. प्रत्येक फेरीची तारीख-वेळ वहीत लिहावी. ती वही साहेबांपुढे ठेवता येते.